दादाच्या विमानाचे सर्वो

आयुष्यभर दातांच्या कवळ्या घडवणाऱ्या बाईला रिमोटच्या विमानांतलं काय कळणार, असं मैदानावरच्या मंडळींना एके काळी वाटायचं. आता तीच मंडळी सर्वो घ्यायचा म्हटलं की तिच्या टेबलापाशी हजर. सर्वो म्हणजे काडेपेटीएवढी मोटर. रिमोटची काठी जितकी हलवाल, तितकीच ती विमानाच्या पंखाची पट्टी हलवते. ती, म्हणजे मैदानावरची सर्वोबाई, त्याचा इवलासा दांडा दोन बोटांत धरून हलवून बघायची. केसाएवढी ढिलाई लागली तरी तोंड वाकडं. "परत करून या," एवढंच म्हणायची. मग चकचकीत डबा घेऊन आलेला माणूस निमूट परत जायचा.

हा नाद तिला लावला थोरल्या भावानं. दादानं दोन वर्षं खपून नवं विमान बांधलं होतं. "सर्वो सगळ्यात चपळ हवेत," त्यानं बजावलं.

तिनं तसे आणलेही. नाव ठेवायला जागा नव्हती. जोडून बघायला तिनं दादाच्या हाती रिमोट दिला आणि ती पंखाच्या पट्टीकडे बघत राहिली. दादानं काठी नुसती धरली होती, तरी पट्टी थरथरत होती. त्याचं लक्ष शेपटीकडे होतं.

वहिनी हल्ली त्याला चहाचा कप अर्धाच भरून देते, हे तिला तेव्हा आठवलं. हे सर्वो त्याच्या हाताचा कंप जसाच्या तसा पंखाला पोचवणार आणि विमान पहिल्याच फेरीत खाली येणार. बोलून दाखवावं, तर दादा रिमोट खाली ठेवेल आणि पुन्हा म्हणून उचलणार नाही. हट्टीपणात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. रिमोटच्या सेटिंगमध्येच फेरफार करावा, तर तो त्याला रिमोटच्या पडद्यावर लगेच दिसणार.

मग तिनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. पंखांना मंद सर्वो बसवले. ताकदीला भक्कम, पण सावकाश चालणारे, बारीकसारीक हालचाल मनावर न घेणारे. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तिनं त्याची चांगली हजेरी घेतली असती. चपळ सर्वोंची लेबलं काढून यांच्यावर चिकटवताना तिला लाज वाटली. तरी चिकटवली.

रविवारी सकाळी विमान उडालं. दादाचे हात कापत होते. वर पंख मात्र स्थिर होते. दोन फेऱ्या मारून ते गवतावर अलगद उतरलं तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला. सर्वो कुठले, म्हणून कुणीतरी विचारलंच.

"हिनं निवडलेत," दादा म्हणाला. "मला त्यातलं काय कळतंय?"

विमानाचा सुटा केलेला पंख दोन टोकांना धरून दोघं गाडीकडे निघाली.

"मंद आहेत ना गं?" त्यानं हळूच विचारलं.

"हो."

"पहिल्याच वळणाला कळलं."

"रागावलास?"

दादानं पंख गाडीत नीट ठेवला, खाली चादर सारली.

"पुढच्या वर्षासाठी," तो म्हणाला, "याहून मंद मिळतात का, बघून ठेव."