मामूच्या स्टुडिओत फोटो पटापट कसे होतात

आमच्या स्टुडिओत किस्से ‘न्यू फोल्डर’सारखे साठतात. एक उघडायला जावं तर आत अजून पाच! डिलीट करायला कुणाला वेळ नाही, म्हणून सांगतोय.

स्टुडिओ म्हणजे आखातातल्या अल गराफात बशीरमामूचं दुकान. मामू माझ्या अम्मीचा भाऊ, मूळ मंडणगडचा. दोन कॉम्प्युटर. एकावर सोलापूरचा सचिनदा, दुसऱ्यावर मी. दहावीत गणितानं मला सोडलं, मग मी शाळेला सोडलं. अब्बा अल खोरला राहतात. त्यांनी मला इथं बसवताना एकच अट घातली, “कस्टमरची एक तक्रार आली, की तू मंडणगडला. परत दहावी!”

तेव्हापासून मी तक्रार या शब्दाला जेवढा घाबरतो, तेवढा सापाला पण नाही.

आता सचिनदा. माणूस देव, पण स्लो! एका पिंपलवर तो वीस मिनिटं काढणार. फोटो एवढा मोठा करणार, की स्क्रीनवर गाल आहे का वाळवंट, कळायचं नाही. कीबोर्ड तर पूजेला ठेवलेला. सगळं माउसनं.

मी म्हटलं, “सचिनदा, शॉर्टकट शिक ना.”

“शॉर्टकटनं गेलेला माणूस मी बघितलाय बे,” तो म्हणाला.

तरी मी त्याला एक शिकवला, अनडूचा. आणि तो चहाला गेला तेव्हा त्याच बटणावर मी दुसरंच काम लावून ठेवलं. दाबलं, की फोटो उलटा! डोकं खाली, खांदे वर.

मी टेबलाखाली तोंड लपवून बसलो. सचिनदानं बटण दाबलं. फोटो उलटा झाला. त्यानं मान वाकडी केली, थोडा विचार केला आणि तसंच काम सुरू केलं! संध्याकाळपर्यंत चाळीस फोटो उलटे करून संपवले. रोज बारा होतात!

मला दया आली. दुसऱ्या दिवशी मी सेटिंग सरळ केलं. तर हा माझ्यावरच भडकला.

“कुणी हात लावला बे माझ्या मशीनला? सरळ दिसलं की माणूस ओळखू येतो, मग मी चेहरा बघत बसतो. कालचं लावून दे!”

आजही तो उलटंच एडिट करतो. कस्टमर मागून बघतात आणि गुपचूप खुर्चीत बसतात.

मामूचं वेगळंच. सचिनदा फाइलला ‘फायनल’ नाव द्यायचा. मामूला ते खपेना.

“फायनल ठरवणारा तू कोण रे? वर बसलाय तो ठरवेल. इन्शाल्ला लिही!”

झालं. तेव्हापासून फायनलच्या जागी इन्शाल्ला. इन्शाल्ला एक, इन्शाल्ला दोन, इन्शाल्ला दोन नवीन.

एकदा एक काकू पासपोर्टचा फोटो न्यायला आल्या. मी स्क्रीनवर दाखवून विचारलं, “काकू, इन्शाल्ला चार देऊ का इन्शाल्ला सहा?”

काकू म्हणाल्या, “बाळा, मला फोटो हवाय. नवस नाही बोलले मी!”

आता कोट. लोक येतात टी-शर्टवर आणि फोटो हवा कोट-टायमध्ये. मग आम्ही कोट चिकटवतो. दुकानात कोट एकच, मामूच्या लग्नातल्या फोटोतला. मी त्याची अशी सेटिंग केली होती, की एक बटण दाबलं की कोट अंगावर. दोन सेकंद!

लुसैलच्या एका ऑफिसातली अठरा पोरं आली, आयडी कार्डसाठी. पंधरा मिनिटांत अठराही जण कोटात! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या एचआर मॅडमचा फोन. मामूनं स्पीकरवर टाकला.

“भाईसाब, अठरा लोग, एक ही कोट? खिशावरचा डाग पण सेम आहे!”

मंडणगडचा एसटी स्टँड डोळ्यांसमोर आला.

मामू शांतपणे म्हणाला, “मॅडम, बॅचलर पोरं आहेत, एका फ्लॅटमध्ये आठ-आठ राहतात. शेअरिंगची सवय असते.”

मॅडम म्हणाल्या, “ओके, मेक्स सेन्स.” आणि फोन ठेवला!

पण खरी फाटली ती शाळेच्या ऑर्डरला. पहिलीची तीनशे पोरं. मी फुल हुशारीनं काम केलं. जमिनीवर टेप लावली, स्टूल एकच, कॅमेरा हलवायचा नाही. म्हणजे प्रत्येकाचं नाक फोटोत बरोबर एकाच जागी! एडिटिंगला रेकॉर्डचं बटण. पहिल्या फोटोवर आपण जे करू ते कॉम्प्युटर पाठ करतो आणि बाकी सगळ्यांवर तेच करतो. काही विचारत नाही.

पहिला फोटो क्रॉप केला, उजळ केला. मग कंटाळा आला म्हणून मामूच्या फोटोतली मिशी कापली आणि त्या पोराला लावून बघितली. सचिनदाला दाखवली. तो उलटं बघून हसला. मी मिशी काढायच्या आत मामूनं हाक मारली, “यल्ला, चल लवकर, बिर्याणी आली!”

रेकॉर्ड चालूच होतं. जेवून आलो, रेकॉर्ड बंद केलं, तीनशेवर सोडलं. ओरिजिनलवरच सेव्ह! कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड मामूनं एका लग्नाच्या ऑर्डरसाठी पुसलेलं. फोटो शाळेला गेले, शाळेनं आयडी कार्डं छापली, वाटली. आणि मग मी फोल्डर उघडला.

तीनशे पोरं. सहा-सहा वर्षांची. सगळ्यांना मामूची मिशी!

मी गुपचूप बॅग भरली. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, फोन नाही. तिसऱ्या दिवशी वाजला. मामूनं स्पीकर लावला.

“स्टुडिओ का? माझा मुलगा पहिलीत आहे. कार्डावरच्या फोटोचं बोलायचंय.”

मामूनं समोरच्या स्क्रीनवर पहिलीच्या ऑर्डरमधला एक फोटो उघडला. बघितला. स्वतःच्या ओठांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

“बोला, भाऊ,” मामू म्हणाला. “तक्रार आहे, की करेक्शन?”

“तक्रार कशाला करू?” तो माणूस म्हणाला. “वर्गातल्या सगळ्यांची सरळ आलीय. आमच्या पोरानं मान तिरकी केली, त्यामुळे त्याची मिशी वाकडी दिसतेय. तेवढी सरळ करून द्या!”