वाटाड्या पायथ्याशी थांबला

सत्कारात माझी ओळख ‘आद्य गिर्यारोहक आणि लेखिका’ अशी करून देतात, तेव्हा मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो. खरं तर मी व्यासपीठाला किती पायऱ्या आहेत ते मोजत असते. गुडघे आता नाशिकच्या सपाट रस्त्यावरसुद्धा कुरकुरतात.

माझी सगळी प्रतिष्ठा हरसूलजवळच्या एका सुळक्यावर उभी आहे. त्याची पहिली चढाई माझी, असं माझ्या पुस्तकात छापलंय. मीच लिहिलं, म्हणून छापलं. यंदा त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती आणि प्रकाशकांना त्या वेळच्या वाटाड्याचा फोटो हवा होता. म्हणून मी एसटीने हरसूल गाठलं आणि तिथून जीपने त्याच्या पाड्यावर गेले.

म्हातारा अंगणात बांबूच्या कामट्या तासत बसला होता. मला जीपमधून उतरवायला दोघं लागले. तो मात्र ‘ताई आली, ताई आली’ करत एका झटक्यात उभा राहिला.

त्याची सून अंगणवाडीत काम करते. पुस्तक बघून ती खूश झाली. म्हणाली, ‘बाबांना वाचता येत नाय, मी वाचून दाखवते.’

‘राहू दे गं, चहा थंड होईल,’ मी म्हटलं. चहा अजून चुलीवरच होता.

तिनं वाचलं, ‘सुळक्याखाली माझं मन एखाद्या योग्यासारखं शांत होतं.’

म्हातारा फसकन हसला. ‘ताई रडत व्हती. लय रडत व्हती. पाढे म्हणत व्हती.’

खरं आहे. सतराचा पाढा, आणि तोही चुकीचा.

पुढचं वाक्य मला पाठ होतं, तिनं तेही वाचलं. ‘वाटाड्या पायथ्याशी थांबला आणि जिथं माणसाचं पाऊल कधी पडलं नव्हतं, त्या माथ्याकडे मी निघाले.’

म्हातारा हसायचा थांबला. माझ्याकडे बघत म्हणाला, ‘मी खाली? मंग वर दोर कोणी बांधला, ताई?’

मधाची पोळी काढायला तो तरुणपणापासून त्या सुळक्यावर अनवाणी जायचा. त्या दिवशीही तोच पुढे गेला, वरच्या धोंड्याला त्यानं दोर बांधला आणि मग मी चढले. चढले कसली, निम्मी तर ओढली गेले. पण हे लिहिलं असतं तर आमच्या गिर्यारोहकांतलेच पुरुष म्हणाले असते, बाईला गड्यानं वर नेलं. त्यांच्या टोमण्यांची मला एवढी धास्ती, की ज्यानं एकदाही टोमणा न मारता मला वर नेलं, त्यालाच मी खाली उभं केलं. मला लाज वाटली. अजून वाटते.

‘चुकलं माझं,’ मी म्हणाले. ‘पहिले तुम्हीच. आता तसंच छापते.’

‘छाप,’ तो म्हणाला. तो ‘राहू दे, कशाला’ असं काहीतरी म्हणेल, अशी मला जरा आशा होती.

सुनेनं पेन दिलं. मी ती ओळ खोडली, वर ‘पहिली चढाई’ असं लिहिलं आणि थांबले. चाळीस वर्षं मी त्याला नुसतं दादा म्हणत आले होते. भाषणांतून त्याचे किस्से सांगून टाळ्याही घेतल्या होत्या.

‘दादा,’ मी विचारलं, ‘तुमचं नाव काय?’