सरांनी बंद केलेल्या गोळ्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर आजऱ्याच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचे. दहावीनंतर वडील मला काजूच्या कारखान्यात लावणार होते. सर घरी आले, आणि मला कॉलेजात घालायचं वडिलांनी कबूल करेपर्यंत उठले नाहीत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो असा.

आता मी कोल्हापुरात राहतो, शिरोलीतल्या एका फाउंड्रीत नोकरी करतो. गेल्या वर्षी माझ्या हृदयाचे ठोके अनियमित निघाले. तेव्हापासून सकाळी खुर्चीत शांत टेकून बसतो, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजतो आणि मग गोळ्या घेतो. एक ठोके आवरणारी, एक रक्त पातळ ठेवणारी. ठोके ताळ्यावर आले. बाकीचंही बरंच काही खाली बसलं. मुलीला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, पण आत काही हललं नाही. डॉक्टर म्हणाले, ठोके आवरणाऱ्या गोळीनं काहींना होतं असं, बघू. मी बरं म्हणालो.

यंदा सरांनाही हेच दुखणं निघालं. गोळ्याही त्याच. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा.

"काय रं, किती भरली?"

"बहात्तर, सर."

"माझी अडुसष्ट. तुझ्या म्होरं हाय की मी!"

मग एका सकाळी म्हणाले, "आठवडाभर सत्तरच्या आत हाय. गणित सुटलं. गोळ्या बंद केल्या कालपासनं."

"दोन्ही?"

"दोन्ही. उत्तर आलं की पाटी पुसायची."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"त्याला? सातवीत भूमितीत नापास केलता त्याला मी. त्यो मला शिकवणार व्हय?"

मी हसलो. फोन ठेवल्यावर मनगट धरलं. नाडी सावकाशच चालली होती. भीती वाटायला हवी हे कळत होतं; वाटत मात्र नव्हती. पुन्हा फोन लावला, तर सर मला बोलू देईनात. शिवाय त्यांना "चुकलात" म्हणायला माझी जीभ वळेना. कागदावरचं मात्र सर शेवटपर्यंत वाचतात, पेपर कुणाचाही असो. आमच्याकडचा एक फिटर रात्रपाळी संपवून आजऱ्याला निघाला होता. त्याच्याजवळ चिठ्ठी दिली.

आदरणीय सर, सा. न.

तुमची नाडी सत्तरच्या आत आली ती गोळीमुळं. गोळी सोडली की ती पुन्हा पळेल. दुसरी गोळी नाडीसाठी नाहीच. ठोके अनियमित असले की हृदयात रक्ताची गाठ होऊ शकते, ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. नाडी साठ आली तरी तो धोका राहतो, आणि तो बोटांनी मोजता येत नाही. डॉक्टरांनी मलाही हे दोनदा समजावलं, तेव्हा कळलं.

सर, तुमचं चुकलं आहे. मी घाबरून लिहीत नाही, हल्ली मला नीट घाबरताही येत नाही. समजून लिहितो आहे.

हे वाचून झालं की लगेच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. गोळ्या कशा सुरू करायच्या ते त्यांनाच विचारा. राहिलेल्या गोळ्या मनानं एकदम घेऊ नका.

रविवारी येतो. रागवायचं ते तेव्हा रागवा.

तुमचा विद्यार्थी