वडिलांनी खोदलेला चर

कोरोना आला तेव्हा मी पहिल्या बाळंतपणासाठी फुलंब्रीपुढच्या आमच्या गावी, माहेरी होते. सासर शहरात, पुंडलिकनगरात, दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, हा रिवाज कुठल्याही साथीपेक्षा जुना! डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं, "बाळ पायाळू आहे. कळा आल्या की तडक इकडे या. घरी थांबलात तर बाळ हातचं जाईल."

वडील निवृत्त हेडमास्तर आणि गावाच्या कोरोना समितीचे अध्यक्ष. शहरातून कुणी गाडी घालू नये म्हणून त्यांनी वेशीवरचा रस्ता जेसीबीने आडवा खोदला होता. कंबरभर खोल चर. त्याच्या अलीकडे टेबल, खुर्ची आणि वही. नोंद केल्याशिवाय कुणी हलायचं नाही आणि बाहेर जाऊन आलेल्याने चौदा दिवस शाळेत राहायचं. कोरोना टमटममध्ये बसून येतो, अशीच त्यांची समजूत असावी.

एका सकाळी कळा सुरू झाल्या. आशाताईने रुग्णवाहिका बोलावली. ती आली आणि चरापलीकडे थांबली.

"गाडी काय उडवत आणू का?" ड्रायव्हर ओरडला.

समितीचं म्हणणं, स्ट्रेचर शहरातलं आहे, ते गावात येणार नाही. मग मला बाजेवर घालून वेशीपर्यंत आणलं. तिथे वहीवाल्याने वडिलांना विचारलं, "गुरुजी, जाण्याचं कारण काय लिहू?"

"लिही, पोरगी हवा खायला चाललीय!" आई कडाडली.

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात कळ आली. मी किंचाळले. तेव्हा वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. इतका घाबरलेला हेडमास्तर मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी वही मिटली आणि पांढऱ्या धोतरानिशी चरात उडी मारली. "द्या बाज इकडं!"

चरात बाज कलली. हाताला जे लागलं ते मी घट्ट धरलं. तो वडिलांचा कान होता. सगळ्या गावाचे कान पिळलेला माणूस कान माझ्या मुठीत देऊन चर चढला आणि तसाच गाडीत बसला.

मुलगी झाली, पायांकडून. आधी रडेचना. मग रडली, तेव्हा बाहेर बाकावर वडीलही रडले. "अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं," डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या.

परतल्यावर आम्ही तिघं शाळेत. नोंद वडिलांनी स्वतःच्या हाताने केली. वय: चार दिवस. लक्षणे: रडते. आई खिडकीतून डबा द्यायची आणि त्यांच्याशी अवाक्षर बोलायची नाही. पंधराव्या दिवशी ते फावडं घेऊन गेले आणि एकट्याने चर बुजवायला लागले. कुणी मदतीला आलं तर हाकलून द्यायचे.

आता सुट्टीत गावी गेलो की लोक लेकीला न्यायला येतात. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणे. "गुरुजी, नातीला पाठवा. हीर कुठं खोदावी ते सांगंल."

वडील तिचा हात धरतात. "खोदायचं नाव माझ्या दारात काढू नका," म्हणतात. "एकदा खोदलं होतं, तर हीच राहिली असती त्याच्यात." आणि माणसं फाटकाबाहेर जाईपर्यंत तिचा हात सोडत नाहीत.