आत्याचं माप

माझी आत्या इस्पितळात फरशी पुसायची. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाजामुळे सगळे तिला 'तोफ' म्हणत. साथ आली तसे संरक्षणाचे पोशाख आले, तेही सगळे धिप्पाड पुरुषांच्या मापाचे. बायका त्यात अडखळून पडायच्या, बाह्या बादलीत बुडायच्या. मुकादम म्हणाला, "मिळतंय ते घाला. नखरे नकोत."

आत्याचं डोकं सणकलं. मुकादम तिच्याच उंचीचा, पण तो पोशाख त्याने कधी अंगाला लावला नव्हता.

"दादा, एकदा हा घालून जिना पुसून दाखवा. जमलं तर आम्ही अकरा जणी तोंडातून ब्र काढणार नाही. नाही जमलं, तर मापाचे पोशाख येईपर्यंत कामाला हात लावणार नाही."

मुकादम इरेला पेटला. तिसऱ्याच पायरीवर पाय पोशाखात अडकला आणि स्वारी थेट बादलीत बसली! जिन्यावरून जाणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरेना.

आठवड्याभरात टेप घेऊन शिंपी आला. नवा पोशाख घालून आत्याने माझ्यासमोर गिरकी घेतली.

"पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं माप विचारलं गं! लग्नाचे कपडेसुद्धा अंदाजानेच शिवले होते."