बटणांची नावं

इतवारी बाजारातल्या एका कापडाच्या ठोक दुकानात आम्ही ऑर्डर नोंदवायचं सॉफ्टवेअर बसवत होतो. ते मोफत होतं आणि कुणालाही त्यात बदल करता येत होता. पडद्यावरचं प्रत्येक बटण दाबून तपासणं हे माझं काम. ते मी संपवलं होतं, एकही चूक उरली नव्हती.

त्या दुपारी ऑर्डर नोंदवण्याच्या नोकरीसाठी चाचणी द्यायला एक अंध गृहस्थ आले. पांढरी काठी घडी करून त्यांनी मांडीवर ठेवली, पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम सुरू केला आणि इयरफोन लावून कीबोर्डवर झरझर बोटं चालवू लागले. ऐकताना त्यांची मान किंचित डावीकडे कलायची. ऑर्डर अर्ध्यावर आली आणि बोटं थांबली. एक इयरफोन काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"ऐका. नुसतं बटन-बटन करून राहिलं हे. कोणतं, ते सांगतच नाही."

तिथल्या बटणांवर फक्त चित्रं होती. त्या प्रोग्रामला वाचता येतील अशी नावं आत कुणी लिहिलीच नव्हती.

"मी तर सगळं तपासलं होतं," मी म्हणालो.

"पाहून तपासलं असन," ते शांतपणे म्हणाले.

दुकानाच्या मालकांनी कळवतो म्हणून त्यांना निरोप दिला.

नावं लिहायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तर खुर्चीत दुसराच माणूस ऑर्डर नोंदवत होता. बटणं आता बोलतात, त्या गृहस्थांना पुन्हा बोलवाल का, असं मी मालकांना विचारलं.

"काहून? जागा तर भरली ना," ते म्हणाले.

तेव्हापासून कोणत्याही नव्या कामाची तपासणीची पहिली फेरी मी मॉनिटर बंद करून, इयरफोन लावून करतो.