माईंच्या हातचं पाणी

घाट चढायला लागला की सुनीतीच्या पापण्या जड होतात. पोटात जेवण, काचेवर ऊन, आणि शेजारी नवरा, श्रीरंग, दर वळणावर आरशात बघून ‘येतंय, येतंय’ म्हणणारा. येतंय म्हणजे गाडीमागे जोडलेलं चाकांवरचं घर. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, योगासनं करतात. यांनी कॅरॅव्हॅन भाड्याने आणली आणि बायकोला डोंगरातली गावं दाखवायला निघाले. गावोगाव लोक गोळा होतात. सकाळी एकाने तर विचारलं, रक्तदानाची गाडी का?

सुनीतीला या सगळ्याची शिसारी आली आहे. दऱ्या हिरव्यागार आहेत, कोण नाही म्हणतंय, पण कठड्यांवर पिचकाऱ्या, कठड्याखाली खाल्लेल्या कणसांचा आणि बाटल्यांचा खच, आणि दर थांब्यावर बायकांची ती एक कुबट खोली, जिच्या दारातूनच माघारी फिरावं लागतं. कॅरॅव्हॅनमध्ये संडास आहे. पण शेगडीला लागून! मधे एक पातळ फळी. भाजी परतताना कोपर संडासाच्या दाराला लागतं. माईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, शिस्तीत संसार केलेली बाई तिथे पाऊल ठेवेल?

म्हणून तिने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. हा उपायही माईंचाच. प्रवासात प्यायचंच नाही, म्हणजे जायला लागत नाही. माई अशाच काशीला जाऊन आल्या, लेकींच्या घरी हिंडल्या, आणि शेवटी मूत्रपिंडं निकामी होऊन गेल्या. मध्यंतरी लघवीचा संसर्ग होऊन सुनीतीलाही सणसणून ताप भरला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दम दिला होता, सासूबाईंच्याच वाटेने जायचंय का? पण सुंभ जळाला तरी पीळ जळतो थोडाच. ती कोरड्या जिभेने ओठ चाटते आणि डोळे मिटते.

गाडी चालतेच आहे आणि सुनीती मागच्या घरात उभी आहे. शेगडीवर दूध. फळीचं दार सताड उघडं. आत कमोडच्या झाकणावर पाय मुडपून, मांडीत सूप घेऊन, माई मेथी निवडत बसल्या आहेत.

“माई, शी. उठा तिथून.”

“का गं? वारा छान लागतोय.”

“कुठे बसलात ते बघा तरी. आणि ती भाजी?”

“भाजी काय म्हणते तुला?” माई एक काडी मोडतात आणि तोंडात टाकतात.

हीच बाई संडासातून आलेल्याला पाय धुतल्याखेरीज ओटीवर चढू देत नसे. आता हसते आहे, दातात मेथीचं पान अडकलेलं. दूध उतू जातं, त्याला फिनेलचा वास आहे.

ती श्वास घ्यायला बाहेर उतरते. बाहेर घाटमाथ्याचा एसटी स्टँड आहे. फरशीवर घोट्याएवढं पाणी, कशाचं ते विचारू नये. कर्ण्यावर गाड्या पुकारत नाहीत, रुग्णांची नावं पुकारतात. बाकांवर माणसं दंडाला नळ्या लावून निमूट बसली आहेत. शेवटचा बाक म्हणजे इस्पितळातली खाट, आणि खाटेवर माई. नाकाला पदर लावून सुनीती त्या पाण्यातून चालत जाते, कारण माईंकडे जायला दुसरी वाट नाही.

“शेवटी मी पाणी मागत होते,” माई म्हणतात. “तू ओल्या बोळ्याने ओठ टिपायचीस.”

“डॉक्टरांनी घोटच मोजून दिले होते, माई. मी काय करणार?”

“तुला कोण बोल लावतंय? प्यायचं तेव्हा मीच प्याले नाही. मग मिळेना.”

माई खाटेखाली हात घालतात आणि टमरेल बाहेर काढतात. जुन्या घराच्या संडासातलं टमरेल, पोचे आलेलं, कडेला हिरवट बुळबुळीत राप धरलेलं. काठोकाठ भरलेलं.

“घे.”

“यातून?”

“यातूनच.”

“मला ओकारी येईल.”

“येऊ दे. चांदीचं भांडं शोधत बसलीस तर माझ्या शेजारची खाट रिकामी आहे.”

सुनीती तोंड घट्ट मिटते. कडेला एक केस चिकटलेला आहे, तो तिला दिसतो आणि दिसतच राहतो. तिला माईंचा राग येतो. जन्मभर शिवू नको, पिऊ नको म्हणून शिकवायचं, आणि मेल्यावर येऊन हे असं तोंडाला लावायचं. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

“जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात,” माई हळूच म्हणतात. “माझी गेली. तुझी जरा आधी जाऊ दे, बाळ.”

त्यांनी तिला कधी बाळ म्हटलं नव्हतं. त्या तिची हनुवटी धरतात, लहान मुलाला औषध पाजताना धरावी तशी. कड ओठांना लागते, बुळबुळीत. सुनीती नाक दाबते आणि पिते. घोटामागून घोट, ओकारी दाबत, टमरेलाचा तळ दिसेपर्यंत.

वळणावर गाडी हेलकावते आणि डोळे उघडतात. हनुवटीवरून पाणी ओघळतं आहे. ब्लाऊज गळ्यापासून चिंब, पदर अंगाला चिकटलेला. पाण्याची बाटली मागच्या सीटवर आहे, तिचं सीलही फोडलेलं नाही.

“गाडी बाजूला घ्या,” ती म्हणते.

“काय झालं?”

“जायचंय.”

श्रीरंग आरशात बघतो, मग तिच्याकडे. “आत्ता? पुढे एखादं बरं हॉटेल लागेल. आणि सकाळपासून तू थेंबभर तरी प्यालीस का?”

“प्याले,” सुनीती म्हणते, आणि मागच्या घराची किल्ली मागायला ओला हात पुढे करते.